राक्षसाचा टर्न कधी येतो ते लिहिलंत का?

मागच्या वर्षी मी राक्षसांच्या शिकारीचा एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम छापला, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकाने शिकारी व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, अशा खेळाचं नियमपुस्तक. दोनशे प्रती, इथेच सांगलीत. पहिली प्रत घेतलेल्या पोराचा दुसऱ्याच दिवशी फोन. "दादा, राक्षस हल्ला कधी करतो?" म्हटलं, सगळ्या शिकाऱ्यांचं झालं की. "ते बरोबर, पण कुठल्या पानावर आहे?" पुस्तक उघडून शोधलं. कुठल्याच पानावर नव्हतं. आठ महिने आम्ही हा खेळ खेळत होतो, दर वेळी सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी, आणि तो नियम माझ्या डोक्यात. आता दुसरी आवृत्ती काढतोय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो. तुम्हीही या भानगडीत पडणार असाल तर उपयोगी पडेल.

कल्पना, वही, चार मित्र : असणारच. भडंग खेळ संपल्यावर खा, तेलकट बोटांनी कॅरेक्टर शीटची, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायच्या कागदाची, वाट लागते.

फासे आधी ठरवा. हा खेळाचा प्रकार १९७४ साली अमेरिकेत छापील स्वरूपात आला तेव्हापासून वीस बाजूंच्या फाशाचा थाट आहे, पण आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात तो मागून बघा, दुकानदार लुडो काढून देईल. ऑनलाइन मिळतो, पण पुस्तक हातात पडल्यावर फाशासाठी आठवडाभर कोण थांबतंय? मी दोन साधे फासे घेतले, आणि त्याचं गणितही बरं आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. दोन साध्या फाशांच्या ३६ शक्यतांत बेरीज ७ होण्याच्या सहा, १२ होण्याची एकच. '७ किंवा जास्त आलं की जमलं' असा नियम केला तर ३६ पैकी २१ वेळा जमतं. शिकाऱ्याला एक अधिक दिला, म्हणजे बेरजेत एक वाढवून दिला, की २६ वेळा. तीन अधिक दिले की ३३ वेळा, म्हणजे मग शिकारीला कशाला जायचं, मंडईत जाऊन पिशवी भरून यावं तसंच. अधिक हात राखून वाटा.

आता राक्षस. इथे वेळ घालवा, घाई करू नका. परदेशी ड्रॅगन आणायची गरज नाही. डोहातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा घरचेच आहेत. पण आज्जीने सांगितलं तसंच उतरवून घ्याल तर फसाल. आपल्याकडे भुतांनाही जात आणि धर्म असतो. समंध कोणाचा, खवीस कोणाचा हे गोष्टीतच ठरलेलं असतं, आणि ते तसंच छापलंत तर टेबलावरच्या कोणाच्या तरी आजोबांना तुम्ही राक्षस करून ठेवता. लक्षणं घ्या, जात वगळा. हडळीचं आणखी अवघड. बाळंतपणात गेलेली बाई ती; तिला फासे टाकून मारण्यात मजा येत नाही, आमच्याकडे दोन मुली खेळ मधेच सोडून उठल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक राक्षसाच्या पानावर चार गोष्टी असतात : त्याला काय हवंय, तो कशाला भितो, मागे काय खूण ठेवतो, आणि न मारता तो कसा जाईल. खुणा तर भरपूर हव्यात. शिकारीच्या खेळात तीन तासांतले अडीच तास माग काढण्यात जातात. एकच खूण ठेवलीत आणि ती पोरांना सापडली नाही, तर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीला तीन खुणा ठेवा. खऱ्या गावाचं, खऱ्या देवस्थानाचं नाव नको. उतारा, मंत्र यांची खरी कृती तर अजिबात नको.

सूत्रधाराची भीती वाटत असेल तर आपल्याच गावाकडे बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि भाषणं पात्रं आयत्या वेळी रचायची. राक्षसपार्टी आरडाओरडा करत यायची ती वेगळीच. आम्ही टेबलाभोवती बसून याहून निराळं काय करतो? फरक इतकाच, की भाव्यांचा सूत्रधार समोर उभा असायचा. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही नसता.

म्हणून मुख्य काम, आणि हेच मी मागच्या वेळी केलं नाही : नमुना प्रत अशा माणसाच्या हातात द्या ज्याने तुम्हाला हा खेळ चालवताना कधी बघितलेलं नाही. नेहमीचे चार मित्र चालत नाहीत, ते तुमचे नियम पाठ करून बसलेत. बायको चालत नाही, तिने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलंय. अनोळखी माणूस, त्याचे मित्र, त्याचं घर. तुम्ही जायचं नाही. गेलातच तर कोपऱ्यात बसायचं आणि बोलायचं नाही. "हे कसं करायचं?" असं विचारलं तर "पुस्तकात बघ" एवढंच. जिथे ते अडले ते पान लिहून घ्या. तोंड उघडलंत की तो नियम पुन्हा डोक्यातच राहिला म्हणून समजा. हे तीन वेगवेगळ्या टोळ्यांकडून करून घ्या. कंटाळा येतो, पोरं तारखा देत नाहीत, एक टोळी प्रत हरवते. तरी करा. मी वीसेक वेळा खेळून बघितलं होतं, पण पुस्तक एकदाही खेळवून बघितलं नव्हतं.

आणि नमुना प्रत म्हणजे छापलेली, पिन मारलेली प्रत. मोबाइलवरची पीडीएफ नाही. डीटीपीवाला तुमचा युनिकोड (मोबाइल-संगणकावर नेहमी टाइप करतो तो) मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, त्यात आमची 'ऱ्य' सगळीकडे फुटली आणि जखमांच्या तक्त्यातली वजाची चिन्हं उडाली. विष चढलं की शिकाऱ्याची ताकद दोनने वाढायची! हे प्रूफात कोणालाच दिसलं नाही. खेळताना पहिल्या विषारी दातालाच दिसलं असतं. वजा २ असं अक्षरात लिहा.

पानं चारच्या पटीत ठेवा, सेंटर पिन (मधल्या घडीवर मारलेली) असेल तर दुसरा इलाज नाही. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई. कॅरेक्टर शीट फाडता येईल अशी मधल्या पानावर, किंवा झेरॉक्सला चालेल अशी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, पण शेवटच्या आठवड्यात अर्ज करू नका. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. डब्यात फासे घालून विकणार असाल तर सीएला विचारा, मला विचारू नका.

खोकी तळमजल्यावर ठेवू नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात राहणाऱ्यांना सांगायला नको. पॅकिंगला प्लॅस्टिकचा एक थर. किंमत, जाहिरात, कुरिअर : भावाला विचारून करा, मी थकलो.

आणि पुन्हा, नमुना प्रत, परका माणूस, तुम्ही गप्प. माझी मिरजेच्या एका मुलाकडे गेलीय, मामेभावाच्या ओळखीने. राक्षसाचा टर्न पान १२ वर चौकटीत टाकलाय. काल रात्री त्याचा मेसेज आला, "चकवा दिवसा येऊ शकतो का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. कुठल्या पानावर लिहायचं ते ठरवतोय.