व्रतं घेण्याआधी सिनेमे कसे बघावेत: फॉर्मेशनमध्ये नव्याने आलेल्या मुलींसाठी

कॉन्व्हेंटमध्ये जायचं ठरवलेल्या किंवा नुकत्याच पोस्ट्युलंट म्हणून, म्हणजे फॉर्मेशनच्या (सिस्टर होण्याच्या तयारीच्या) पहिल्या टप्प्यात आलेल्या मुली विचारतात, सिस्टर, व्रतं म्हणजे नक्की काय ते समजायला काय वाचू? वाचायला भरपूर आहे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये काढलेला धर्मसंघांबद्दलचा आदेश आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९६ चं पत्र आहे, आणि नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, ते सगळं शिकवतातच. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन हे तिन्ही शब्द पाठ असतात आणि त्यासाठी काय मोजावं लागतं ते तिने कुठे बघितलेलं नसतं. आमच्या वसईत बऱ्याच घरांत कोणीतरी फादर किंवा सिस्टर असतं, तरी सुट्टीला घरी आलेली हसरी मावशी दिसते, तिच्या कम्युनिटीतले, म्हणजे एकत्र राहणाऱ्या सिस्टर्समधले, अवघड दिवस कोणाला दिसत नाहीत. म्हणून मी सिनेमे लावते, आणि काही वर्षांच्या अनुभवावरून ते कसे बघायचे हे इथे लिहितेय.

सगळ्यात आधी एक प्रश्न धरून बसा. पडद्यावरची सिस्टर किंवा मंक (मठात राहणारा संन्यासी) जे काही सोडतेय किंवा धरून ठेवतेय, ते ती मोकळ्या मनाने करतेय का? हा प्रश्न मी माझ्या मनाने काढलेला नाही, चर्चच्या कायद्यातच आहे की जबरदस्तीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीने घेतलेलं व्रत वैध नसतं. आणि म्हणूनच तर चर्च घाई करत नाही, नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, मग तात्पुरती व्रतं निदान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत, आणि त्यानंतर फायनल व्होज, म्हणजे कायमची व्रतं. इतका वेळ दिलाय तो मुलीने स्वतःला नीट ओळखावं म्हणून, हे लक्षात ठेवून सिनेमा बघा.

सुरुवात मी 'द नन्स स्टोरी'ने करते, १९५९ चा, फ्रेड झिनेमानचा, ऑड्री हेपबर्न त्यात सिस्टर ल्यूक आहे. बेल्जियममधली डॉक्टरची मुलगी, काँगोत जाऊन नर्सिंग करायचं एवढंच तिला हवंय. आज्ञापालनावर बोलायचं तर त्यातला परीक्षेचा भाग बघाच. ट्रॉपिकल मेडिसिनचा कोर्स चालू असतो, आणि एक सुपीरियर (कॉन्व्हेंटची प्रमुख सिस्टर) तिला सुचवते की तू परीक्षेत मुद्दाम नापास हो, नम्रता म्हणून, दुसऱ्या एका वयस्कर सिस्टरचं मन राखायला. सिस्टर ल्यूक रात्ररात्र तळमळते आणि शेवटी चांगल्या नंबराने पास होते, आणि मग तिला काँगोऐवजी मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये पाठवतात. इथे मी सिनेमा थांबवते. मुलींचे दोन तट पडतात, काही म्हणतात तिने ऐकायला हवं होतं, काही म्हणतात सुपीरियरचंच चुकलं. माझं मत स्पष्ट आहे, देवाने दिलेली बुद्धी पेपरवर खोटी लिहायला सांगणं ही नम्रता नाही, आणि आज्ञापालन म्हणजे सुपीरियरच्या प्रत्येक सूचनेला मान डोलावणं नव्हे. पण मी हे शेवटी सांगते, आधी सांगितलं की मुली माझंच मत घोकतात.

या सिनेमात ती शेवटी कॉन्व्हेंट सोडते. युद्धात तिच्या वडिलांना जर्मन सैनिक मारतात, तिला त्यांना माफ करणं जमत नाही, आणि आतून एक आणि बाहेरून एक असं जगणं तिला अप्रामाणिक वाटतं. ती रीतसर परवानगी घेते, साधे कपडे घालते, दार उघडतं आणि ती गल्लीतून चालत जाते, त्या प्रसंगाला संगीतसुद्धा नाही. काही जण म्हणतात नव्या मुलींना असला शेवट कशाला दाखवता, घाबरतील ना. मला उलट वाटतं, हाच पहिल्यांदा दाखवावा. दार आतून उघडतं हे ज्या मुलीला माहीत आहे तिचं थांबणं खरं असतं. आणि आपल्याकडे घरी परत आलेल्या मुलीकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर तरी बदलेल, निदान आपल्या मनातली.

ब्रह्मचर्यासाठी 'इडा' (२०१३), पोलंडचा, पावेल पावलिकोवस्कीचा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ऐंशी मिनिटांचा, त्याला परभाषेतल्या सिनेमाचं ऑस्करही मिळालंय. गोष्ट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. अनाथ म्हणून मठात वाढलेल्या एका नोव्हिसला (नोव्हिशिएटमधल्या मुलीला) मदर सुपीरियर सांगते, व्रतं घेण्याआधी तुझी एकुलती एक नातेवाईक आहे तिला भेटून ये. मावशीकडून तिला कळतं की ती ज्यू आहे, तिचं खरं नाव इडा आहे, आणि घरचे लोक युद्धाच्या काळात मारले गेले. मावशी तिला एकदा टोकते की तुला कधी मोहच झाला नाही तर तुझ्या व्रतात त्याग कसला? हे वाक्य आमच्याकडे दरवेळी चर्चेत येतं आणि यायलाच हवं, कारण बऱ्याच मुली ब्रह्मचर्य म्हणजे काहीच न वाटणं असं धरून बसलेल्या असतात. परत आल्यावर इडा येशूच्या पुतळ्यापुढे सांगते की मी अजून तयार नाही, आणि बाकीच्या नोव्हिस व्रतं घेतात तेव्हा ती घेत नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात धार्मिक क्षण तोच. पुढे ती मावशीचे कपडे घालते, एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुलाबरोबर रात्र घालवते, तो लग्नाची, मुलांची स्वप्नं सांगतो, ती विचारत राहते की मग पुढे, आणि सकाळी हॅबिट (मठातला पोशाख) घालून निघते. ती खरंच परत मठात जाते का, आणि गेली तर का, यावर दोन तास बोलता येतं. पण हा सिनेमा पोस्ट्युलंटना लावू नका. नोव्हिशिएटच्या शेवटी किंवा ज्युनिअर सिस्टर्सना (तात्पुरती व्रतं घेतलेल्यांना) ठीक आहे, आणि यात आत्महत्येचा प्रसंग आहे हे आधीच सांगा, घरी असं काही घडलेली मुलगी ग्रुपमध्ये असू शकते.

कम्युनिटी म्हणजे काय हे 'ऑफ गॉड्स अँड मेन'इतकं (२०१०, झेवियर बोव्हवा) दुसऱ्या कुठल्या सिनेमात मला सापडलेलं नाही. अल्जेरियात तिबहिरीनच्या ट्रॅपिस्ट नावाच्या संघाच्या मठातल्या सात मंक्सना मार्च १९९६ मध्ये पळवून नेलं आणि नंतर त्यांची हत्या झाली, २०१८ मध्ये चर्चने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केलं. सिनेमा हत्येवर रेंगाळत नाही, मरण समोर दिसत असताना राहायचं की जायचं हे एकत्र कसं ठरवायचं यावर आहे. प्रायर, म्हणजे मठाचा प्रमुख, ख्रिस्तियान सगळ्यांच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकतो तेव्हा बाकीचे त्याला तोंडावर सांगतात की आम्ही तुला यासाठी निवडलं नव्हतं. मग टेबलाभोवती एकेकाचं मत घेतात, काहींना जायचं असतं आणि ते तसं मोकळेपणाने म्हणतात, कोणी त्यांना भित्रा म्हणत नाही. कित्येक दिवसांनी तोच प्रश्न परत येतो आणि आता सगळे राहायचं म्हणतात. ही दोन दृश्यं लागोपाठ दाखवा आणि मधल्या काळात काय काय घडलं ते मुलींना शोधायला लावा: रात्री देवाशी भांडणारा ख्रिस्तॉफ, दवाखान्यात रोज गर्दी तपासणारे म्हातारे ल्यूक, आणि गावातली ती बाई जी म्हणते की फांदीवरचे पक्षी आम्ही आहोत, फांदी तुम्ही आहात.

दारिद्र्याच्या व्रतासाठी मात्र मला परदेशात जावंसं वाटत नाही. सिस्टर राणी मारिया केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायला झटत होत्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांची हत्या झाली. त्यांच्यावर 'द फेस ऑफ द फेसलेस' (२०२३) आहे, हिंदीतही आहे, त्यामुळे पालघर, डहाणूकडच्या मुलींना सबटायटल्सशी झगडावं लागत नाही. आपल्याला दारिद्र्य म्हटलं की दोन साड्या आणि मोबाइल नाही एवढंच सुचतं, इथे दिसतं की गरिबांच्या बाजूला उभं राहिलं की कोणाकोणाचं पोट दुखतं. आणि पुढची खरी घडलेली गोष्ट मुलींना जरूर सांगा, त्यांची सख्खी बहीण, त्याही त्याच संघात सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आल्या.

'इन्टू ग्रेट सायलेन्स' पण आहे, फ्रान्समधल्या कार्थुशियन (मौन पाळणाऱ्या संघाच्या) मठावरची डॉक्युमेंटरी, पण ती पावणेतीन तासांची आणि जवळजवळ शब्दच नसलेली, रिट्रीट (काही दिवसांची मौन प्रार्थना) केलेल्यांनाच झेपते. नव्या मुलींना त्यातलं मंक बर्फावरून घसरत खेळतात तेवढं दाखवा, खूश होतात.

आता बघायची पद्धत. जेवणानंतर अख्खा सिनेमा लावून लगेच झोपायला पाठवू नका, दोन संध्याकाळींत विभागा. इंग्रजी सबटायटल्स पटापट वाचता न येणाऱ्या मुली असतील तर गोष्ट आधी मराठीत सांगून टाका, शेवट कळला तरी काही बिघडत नाही. संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोणीच बोलायचं नाही, वहीत फक्त दोन गोष्टी लिहायच्या, कुठे मन भरून आलं आणि कुठे राग आला किंवा बघवलं नाही. संत इग्नेशियस त्यांच्या आध्यात्मिक साधनेत सांगतात ना की जिथे मन हललं तिथेच परत जा, तेच इथे करायचं, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तोच प्रसंग आठवून बसायचं. जिथे राग आला तिथे बहुतेक जास्त सापडतं. चर्चेत नोव्हिस मिस्ट्रेसने (नोव्हिसना घडवणाऱ्या सिस्टरने) सगळ्यात शेवटी बोलावं, आणि कोण काय बोलली याचा उल्लेख मुलीच्या रिपोर्टमध्ये कधीही करू नये, एकदा तसं झालं की पुढच्या वेळी सगळ्या जणी छान छान बोलतात आणि सगळं फुकट जातं. वही मुलीचीच, ती दाखवायची तर आपल्या स्पिरिच्युअल डायरेक्टरला (आध्यात्मिक मार्गदर्शकाला), तिला वाटलं तर. तुम्ही एकट्याच बघणार असाल, अजून घरीच असाल आणि निर्णय व्हायचा असेल, तर राणी मारियांचा सिनेमा आई-वडिलांबरोबर बघा, आणि संपल्यावर त्यांना काय वाटलं ते आधी विचारा, तुमचं नंतर सांगा.