गाडी पिकअप घेत नाही: गॅरेजात नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं गॅरेजात येतात तेव्हा त्यांना इंजिन उघडता येतं, जोडताही येतं. पण ‘पिकअप घेत नाही हो’ एवढंच सांगून गिऱ्हाईक चावी ठेवून गेलं की पंचाईत होते. तुटलेलं काही दिसत नाही, आवाज नाही, आणि गॅरेजच्या दारात गाडी शहाण्या मुलासारखी चालू राहते. चिपळुणात माझी बरीच वर्षं याच तक्रारीशी झुंजण्यात गेली, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

गिऱ्हाइकाला चावी ठेवून जाऊ देऊ नका. आधी बोलतं करा. उभी गाडी उचलताना अडखळते की घाट चढताना? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पावसातच होतं का? अर्धं निदान या उत्तरांत असतं. एक्सलेटर दाबल्यावर आरपीएम चढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, असं तो म्हणाला तर इंजिनाला हात लावू नका, क्लच बघा. अर्ध्या क्लचवर घाट चढवणारे आपल्याकडे पुष्कळ.

गणपतीत मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या येतात, त्यांत सीएनजीच्या भरपूर. तेव्हा सीएनजीवर अडखळते की पेट्रोलवर, हे विचाराच. दोन्हींवर अडखळत असेल तर हवा किंवा स्पार्क. फक्त सीएनजीवर असेल तरी आधी प्लगच काढा, कारण सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कसाबसा चालून जाणारा प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल तिथे उघडी पडते. मग सीएनजीचा फिल्टर आणि रेग्युलेटर. फक्त पेट्रोलवर त्रास असेल तर टाकीत किती महिन्यांचं पेट्रोल आहे ते विचारा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि दमट हवेला कोकणात तोटा नाही.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. पी०१७१ हा कोड वारंवार भेटेल. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, ही खोड कित्येक गॅरेजांना आहे. त्या बिचाऱ्या सेन्सरने खरं तेच सांगितलेलं असतं! कोड पुसण्याआधी लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, तो हा आकडा. साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. आयडलिंगला (गाडी उभी, एक्सलेटरवर पाय नाही) अधिक अठरा आणि २५०० आरपीएमला अधिक चार दिसलं, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. आयडलिंगला हवा मुळात थोडी लागते, म्हणून चोरटी हवा तिथे जास्त जाणवते. उलट आयडलिंगला सगळं ठीक आणि लोडवर, म्हणजे इंजिनावर भार आल्यावर, आकडा चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर, नाहीतर आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलेला. हे चित्र एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत स्वच्छ दिसतं. हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत गळती ट्रिमपेक्षा चढलेल्या आयडलिंगमध्ये दिसते.

लोड गॅरेजात मिळत नाही. पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाटात जा, एकाने चालवा, दुसऱ्याने स्कॅनर बघा. एक्सलेटर अर्धाच ठेवा. पूर्ण दाबला की ईसीयू ट्रिमचा हिशेब बाजूला ठेवतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

गळती शोधताना इथे पहिला संशय उंदरावर. गाडी महिनोन्महिने गावच्या घराशेजारी उभी, वर झाकण, आत ऊब. मुंबईहून आलेल्या एका गाडीचे प्लग, पेट्रोल पंप आणि थ्रॉटल सेन्सर आधीच बदलून झाले होते. बिघाड निघाला इनटेकच्या मागे कुरतडलेल्या व्हॅक्युम पाइपात. आरसा आणि टॉर्च घेऊन पाइपाची मागची बाजू बघा, वरून तो धडधाकट दिसतो. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे आहेत. ते पेटतं. धुराचं मशीन असेल तर तेच वापरा.

पावसाळ्यातलं दुखणं कॉइलचं. सकाळी झटके, दुपारी ठीक. पी०३०१ (पहिल्या सिलिंडरात मिसफायर) आला तर नवी कॉइल मागवू नका. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेलेली. पी०३०१च राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे कनेक्टर उघडून बघण्याची सवय लावा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागतं तिथे लोक सेन्सर विकत घेतात.

थ्रॉटल बॉडीचा कार्बन साफ करणं सोपं. फक्त इग्निशन चालू असताना पाकळी बोटाने ढकलू नका, आणि नंतर आयडल लर्निंग करून घ्या, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवा. एअरफ्लो सेन्सरला त्याचाच क्लीनर, कापड किंवा ब्रश नाही. चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर मात्र सगळ्यांच्या आधी काढा, आत तांबडी मातीच निघेल.

काम झालं की त्याच चढावर, तेवढंच वजन घेऊन, गिऱ्हाइकाला चालवायला बसवा. बिलावर ‘ट्युनिंग’ असं मोघम लिहू नका. कुठला पाइप, कितव्या सिलिंडरची कॉइल, आधीचं ट्रिम, नंतरचं ट्रिम, सगळं लिहा. गाडी पुढच्या वेळी डोंबिवलीच्या मेकॅनिककडे जाणार असते, त्याला तोच कागद कामाला येतो.