'ड्रॉ' की 'टाय'? सामन्याची बातमी इंग्रजीत लिहिताना

मराठी माध्यमातून शिकून नागपुरात इंग्रजी क्रीडा-बातमीदारी सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी पहिली मोठी चूक एका शब्दाची होती.

मार्च २०२५. जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ-केरळ रणजी अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२. दुसऱ्या डावात आपण ९ बाद ३७५ वर असताना खेळ थांबला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. आनंदाच्या भरात माझ्या डोक्यात 'बरोबरीत सुटला' हेच आलं आणि मी 'टाय' लिहून कॉपी पाठवली. वरिष्ठांचा लगेच फोन आला. "टाय म्हणजे शेवटचा डाव आटोपला आणि दोघांच्या एकूण धावा सारख्या. केरळचा दुसरा डाव सुरू तरी झाला का?" कसोटी क्रिकेटमध्ये टाय दोनदाच झालाय, १९६० ला ब्रिस्बेनमध्ये आणि १९८६ ला मद्रासमध्ये. वेळ संपली, निकाल लागला नाही, तर तो 'ड्रॉ', आपला 'अनिर्णित'. फुटबॉलमधल्या १-१ ला मात्र भारतात आणि ब्रिटनमध्ये 'ड्रॉ'च म्हणतात आणि मराठीत आपण त्यालाही 'बरोबरी' म्हणतो. गफलत होते ती इथे.

'विन' आणि 'बीट'चा गोंधळ तर नव्या मुलांच्या जवळपास प्रत्येक कॉपीत दिसतो. खरं तर इथे मराठीच मदतीला येते. 'केरळला जिंकलं' असं आपण म्हणतो का? सामना जिंकतो, समोरच्याला हरवतो. तसंच सामना 'विन' करायचा, संघाला 'बीट' करायचं. 'थ्रॅश' म्हणजे धुव्वा उडवणं, हा शब्द डावाने विजय मिळाला तर शोभतो. एका गड्याने जिंकलेल्या सामन्याला तो लावला की वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

शून्यालाही खेळागणिक वेगळं नाव आहे: फुटबॉलमध्ये 'निल', टेनिसमध्ये 'लव्ह', फलंदाजाचा 'डक'. 'पिच' म्हणजे क्रिकेटमध्ये २२ यार्डांची पट्टी, फुटबॉलमध्ये अख्खं मैदान. धावफलक लिहिताना '९ बाद ३७५' चं '३७५ फॉर ९' करा. ऑस्ट्रेलियात तेवढं आपल्यासारखं, गडी आधी.

मी अजूनही लॅपटॉप उघडण्याआधी वहीत मराठीत एक ओळ लिहिते: कोण, काय झालं, किती फरकाने. त्या दिवशीची ओळ नंतर लिहून ठेवली आहे: सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा.