कचऱ्यातला फ्लेमिंगो करताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत कचऱ्यातल्या प्लास्टिकच्या झाकणांचा सहा फुटी फ्लेमिंगोचा पुतळा केला, आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याची मान गळून पडली. मानेला ग्लू गन वापरलेली ना. सगळ्यात मोठी चूक हीच. बाटल्यांची झाकणं, शाम्पूचे डबे हे पीपी नाहीतर एचडीपीई या जातीचं प्लास्टिक असतं, त्यावर गोंद नीट धरतच नाही, वर उन्हात ग्लू मऊ पडतो. भोकं पाडा, तारेने ओवा. तारेचा अजून एक फायदा म्हणजे नंतर सगळं सोडवून प्रकारानुसार वेगळं करून भंगारात देता येतं, नाहीतर चिकटवलेलं रंगवलेलं कोण घेणार, मग तुमचा पक्षी पण डम्पिंगलाच.

रंग पण नकोच. पोपडे निघतात, पावसात गटारात, तिथून खाडीत. झाकणं मुळातच रंगीत असतात, ती साठवा. आता गुलाबी कमी पडतात हे खरंय, पण म्हणून आमच्यातल्या एकाने दुकानातून नवे कोरे गुलाबी चमचे आणले! कचरा कमी पडला म्हणून प्लास्टिक विकत, काय बोलायचं. चमकी तर स्वतःच मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. आणि थर्माकोल उघड्यावर कापू नका, दाणे वाऱ्यावर जातात ते परत हाती लागत नाहीत.

कचरा आणायला खारफुटीत घुसू नका प्लीज. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत पण आला, आणि चिखलातून वर आलेली ती मुळं झाडाचं नाक असतं, पायाखाली तुटतात. काठावरचंच उचला, ओहोटी बघून, जाड हातमोजे घालून, कारण सुया पण निघतात. जाळं दिसलं तर आधी कोळी दादांना विचारा, वाळत घातलेलं असेल.

पुतळ्याशेजारच्या बोर्डावर नुसतं 'समुद्र वाचवा' लिहिलं तर कोणी थांबत नाही. आम्ही लिहिलं की पाण्या-कोल्ड्रिंकची पेट प्लास्टिकची बाटली पाणी भरलं की बुडते, झाकण मात्र तरंगत राहतं. मग लोक उभं राहून विचारायला लागले, अरे म्हणजे खाली किती असेल?

उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन तुकडे पडतात, म्हणून पावसाच्या आधी उतरवा. आमचा तारेचा भाग दीड तासात सुटला. ग्लूवाली मान अजून माझ्या गॅलरीत आहे, भंगारवाला बघतो आणि पुढे जातो.