सोलापुरात भाड्याचं घर बघताय? आधी हौदाचं झाकण उघडा

आता घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्यात, लेक हैदराबादला. मंगळवेढ्याचं घर आवरून सोलापूरला आलो ते रेल्वेच्या सोयीसाठी. पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि हैदराबादची गाडीही याच स्टेशनावरून मिळते. घर लगेच विकत घ्यायचं नाही, एक अख्खा उन्हाळा भाड्यानं राहून बघायचं, हे मी यांना आधीच बजावलं होतं. तरी पहिल्याच घरात फसलो.

जुळे सोलापूर, तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्ची. जानेवारीत सकाळी अकराला बघितलं तेव्हा वारा काय सुंदर होता! एप्रिलात स्लॅब असा तापायचा की रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. म्हणून घर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बघा आणि वर आणखी एक मजला असलेलंच घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. उजनी धरण भरलेलं असलं तरी इथं नळाला रोज पाणी नसतं. काही दिवसांआड सुटतं, आणि कुठल्या भागाला कधी ते वेगवेगळं. घरमालक म्हणाले होते, “पाण्याचा काही त्रास नाही.” त्यांना कसला असणार, ते राहायचे दुसऱ्या गावात! आमची पाळी रात्री अडीचची. मोटर लावायला हे उठायचे, साठी उलटलेला माणूस. एजंटला काही विचारू नका, तो म्हणतो, “दोघांना कितीसं लागतंय?” शेजारच्या वहिनींना गाठा. पाणी कुठल्या वाराला, किती वाजता, मोटर कोण लावतं, उन्हाळ्यात बोअर आटतो का, टँकरचे पैसे कसे वाटतात, सगळं त्या सांगतात, वर चहाही पाजतात. हौदाचं झाकण मात्र स्वतः उघडून बघा. दिवाळीला पोरं, नातवंडं आली की दोघांचे आठ होतात.

म्हणून पोरांसाठी जादा खोली घ्यायची का? मी घेतली होती. वर्षाचे पंधरा दिवस ती वापरात, बाकी दिवस झाडायला आणि उगाच दारात उभं राहून बघायला. आता एक खोली कमी आहे. चादरी-गाद्या भरपूर ठेवल्यात; चादरींना काय, सोलापुरात तोटा नाही.

भागांचं म्हणाल तर विजापूर रोड, जुळे सोलापूरकडे घरं नवी आणि मोकळी, पण स्टेशन गाठायला गाडी किंवा रिक्षा लागतेच. पूर्व भागात, अशोक चौकाकडे, शेजार जिवाला जीव देणारा. कानावर तेलुगू पडतं, मला ते आवडलं. पण भिंतीपलीकडे यंत्रमाग असला तर त्या खटखटीत जन्मापासून झोपलेल्यालाच झोप लागते. नवी पेठ, टिळक चौकात सगळं दाराशी, फक्त जुन्या वाड्यांचे जिने चढून बघा, तेही भाजीची पिशवी हातात घेऊन. आणि होम मैदानाजवळ घर घेणार असाल तर संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते हे लक्षात असू द्या. मला ती गर्दी हवीच असते, यांना नको असते.

आम्ही शेवटी रेल्वे लाईन्स या भागात आलो. भाडं जास्त, पण दवाखाने आणि स्टेशन जवळ. ठरवण्याआधी संध्याकाळी सातला मी यांना एकट्यालाच दूध आणि बीपीची गोळी आणायला पाठवलं. वीस मिनिटांत, गाडी न काढता परत आले. तेव्हाच इसार दिला.

करार तोंडी ठेवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. डिपॉझिट किती, परत कधी, रंगाचे पैसे कोणाचे, हे त्यातच लिहून घ्या. पहिल्या घराचा रंग आमच्या डिपॉझिटमधूनच गेला.

या घरी पाण्याची पाळी सकाळी सातची. हे चहाचा कप घेऊन हौदापाशी उभे राहतात, खालचे काकाही येतात. हौद कधीचाच भरलेला असतो, मोटर मी वरून ओरडल्यावर बंद होते.