कोकणातून दक्षिणेची यात्रा: देवळाची वेळ आधी, गाडी नंतर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला दक्षिणेच्या यात्रेसाठी पूर्वी आधी मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावे लागे. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या आणि रात्री आपल्या स्थानकावर चढून सकाळी उडुपीला उतरण्याची सोय झाली. अंतराचा प्रश्न अशा रीतीने सुटला असला, तरी अनेकांची यात्रा आजही अर्धवट राहते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे दुपारी मिटलेले देवळाचे दार. दक्षिणेकडील बहुतेक मोठी मंदिरे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी चार-पाचनंतरच पुन्हा उघडतात. आपल्याकडे रवळनाथाच्या किंवा सातेरीच्या देवळात भरदुपारीही निदान सभामंडपात टेकता येते, त्यामुळे हा नियम आपल्या अंगवळणी पडलेला नसतो.

आईला घेऊन मी पहिल्यांदा तिरुवनंतपुरमला गेलो, तेव्हा श्री पद्मनाभस्वामी मंदिराच्या गोपुरासमोर आम्ही पोहोचलो ते बारा वाजून गेल्यावर. परतीची गाडी दुपारचीच होती. आईने आमच्या परसातल्या माडाचा एक नारळ कापडी पिशवीतून तिथपर्यंत सांभाळून आणला होता. तिने तो पिशवीतून काढला, उजव्या हाताने त्याची शेंडी सारखी केली, गोपुराच्या दिशेने धरून डोळे मिटले आणि पुन्हा पिशवीत ठेवला. ती काही बोलली नाही. मला मात्र ते दृश्य अजून विसरता येत नाही. तेव्हापासून मी प्रवास आखताना वहीत आधी देवळाच्या वेळा लिहितो आणि गाडीची वेळ त्यांच्या खाली मांडतो. वाचकांनीही हाच क्रम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या खेपेला कर्नाटकच्या किनाऱ्यापुरतीच यात्रा करावी आणि तिला चार मुक्काम द्यावेत. मुंबईहून मंगळुरूकडे जाणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस रत्नागिरीला रात्री येते आणि पहाटेच्या सुमारास कारवारच्या पुढच्या पट्ट्यात पोहोचते. नकाशात गोकर्ण आधी लागते म्हणून पुष्कळ जण तिथेच उतरतात. पण गोकर्ण रोड स्थानक गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि अंधारात, झोपमोड झालेल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे रिक्षा शोधणे त्रासाचे होते. त्यापेक्षा सरळ उडुपीपर्यंत जाऊन उजेडात उतरावे आणि मग घराच्या दिशेने येत येत कोल्लूर, मुरुडेश्वर आणि गोकर्ण करावे. दमणूक वाढत जाते तसतसे घर जवळ येत जाते, हा या आखणीचा फायदा वडीलधाऱ्यांबरोबर प्रवास केल्यावर चांगला कळतो. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते, म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच आठवड्यात काढून ठेवावे.

उडुपीला स्नान आणि न्याहारी उरकून रथबीदीत, म्हणजे मठाभोवतीच्या रथाच्या रस्त्यावर, पायी जावे. आधी चंद्रमौळीश्वर, मग अनंतेश्वर आणि त्यानंतर श्रीकृष्ण, असा दर्शनाचा क्रम परंपरेने सांगितला आहे आणि ही तिन्ही स्थाने अगदी लागून असल्यामुळे तो पाळणे कठीण नाही. श्रीकृष्ण मठाची स्थापना मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात केली. येथे मूर्ती समोरच्या दारातून दिसत नाही. चांदीने मढवलेल्या नऊ छिद्रांच्या खिडकीतून तिचे दर्शन घ्यावे लागते. मागची रांग पुढे सरकत असते आणि खिडकीपाशी मोजकेच क्षण मिळतात, म्हणून चष्मा आधीच पुसून ठेवावा, कपाळ जाळीला टेकवण्याची घाई न करता एका छिद्राशी डोळा स्थिर करावा. मग आतल्या समईच्या उजेडात लहानशी, हातात रवी धरलेली मूर्ती हळूहळू स्पष्ट होते. बाहेर पश्चिमेच्या भिंतीत कनकन किंडी आहे. मंदिरात प्रवेश न मिळालेल्या कन्नड संतकवी कनकदासांसाठी देवाने तोंड फिरवले, अशी श्रद्धा या झरोक्याशी जोडलेली आहे. चोखामेळ्याची पायरी ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाने या झरोक्यापाशी थोडा वेळ उभे राहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मठाची पूजा आठ मठांकडे पाळीपाळीने दोन-दोन वर्षे असते. या पाळीच्या बदलाला पर्याय म्हणतात आणि तो सम वर्षाच्या जानेवारीत होतो. तो सोहळा पाहायचा असेल तर राहण्याची सोय फार आधी करावी लागते. केवळ दर्शन हवे असेल तर ते दिवस टाळावेत. दुपारचा प्रसाद मात्र चुकवू नये. पंगतीत मांडी घालून बसावे लागते, भातावर सारू (पातळ सार) आणि हुळी (सांबारासारखी आमटी) भराभर वाढत जातात आणि वाढप्याचा वेग आपल्या सवयीपेक्षा बराच जास्त असतो. नको असलेल्या पदार्थासाठी वेळीच पानावर हात आडवा धरावा. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांनी आत शिरतानाच विचारावे. संध्याकाळी मळपेच्या किनाऱ्यावर जाता येते. तेथून सेंट मेरी बेटावर बोटी जातात आणि लाव्हा थंड होऊन तयार झालेले बहुकोनी खडकांचे खांब तिथे पाहायला मिळतात. पावसाळ्यात ही फेरी बंद असते.

पोशाखाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वेळेच्या खालोखाल फजिती होते ती इथे. उडुपीत आणि या पट्ट्यातल्या इतर मोठ्या देवळांत पुरुषांना गाभाऱ्याकडे जाताना सदरा आणि बनियन काढावे लागते. केरळातील गुरुवायूर आणि पद्मनाभस्वामी मंदिरांत त्याशिवाय मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचे पांढरे वस्त्र, सक्तीचे आहे. पँट घालून आत जाता येत नाही. स्त्रियांनी साडी नेसलेली सगळीकडे चालते, म्हणून प्रत्येकीने एक सुती साडी सामानात ठेवावी. देवळाबाहेर मुंडू भाड्याने किंवा विकत मिळतो, तरी घरूनच एक नेलेला बरा. तो नेसण्याची रीत सोपी आहे. वस्त्र मागून पुढे आणावे, दोन्ही टोके समोर धरून आधी एक बाजू कमरेशी घट्ट बसवावी, दुसरी तिच्यावरून ओढून कडेला नेऊन खोचावी, आणि वरची किनार दोन वेळा बाहेरच्या बाजूला दुमडून घ्यावी. या दोन दुमडींवरच सगळे अवलंबून असते. त्या सैल राहिल्या तर रांगेत एका हाताने वस्त्र आणि दुसऱ्या हाताने मुलाचा हात धरावा लागतो. ज्यांना पंचा नेसून विहिरीवर आंघोळ करण्याची सवय आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही, पण शहरात वाढलेल्या मुलांकडून आदल्या रात्री एकदा नेसून घ्यावे. सदरा काढल्यावर त्याच्या खिशातले पैसे, मोबाईल आणि चष्म्याचे घर कुठे ठेवायचे हेही आधी ठरवावे. केरळातील या दोन्ही मंदिरांत मोबाईल आणि कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे घरातल्या एकाने सामान घेऊन बाहेर थांबावे आणि नंतर अदलाबदल करावी, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते.

दुसऱ्या दिवशी उडुपीहून कोल्लूरच्या मूकांबिकेला बसने जावे. सौपर्णिका नदीच्या काठी, कोडचाद्रीच्या पायथ्याशी असलेले हे स्थान गर्द झाडीत आहे आणि आंबोली घाटाची आठवण करून देणारी हवा तिथे असते. नवरात्रात केरळातून येथे फार मोठी गर्दी लोटते, कारण विजयादशमीला मुलांचा विद्यारंभ देवीपुढे करण्याची प्रथा आहे. ते दिवस सोडून जाणाऱ्याला दर्शन शांतपणे मिळते. संध्याकाळी पोहोचून मुक्काम करावा आणि पहाटे पुन्हा एकदा देवळात जावे. तेथून उतरल्यावर जवळचे रेल्वे स्थानक बैंदूर येथे, सुमारे २८ किलोमीटरवर आहे.

मुरुडेश्वराला अर्धा दिवस पुरतो. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या टेकडीवर १२३ फूट उंचीची शिवमूर्ती आहे आणि तिच्यापुढे २० मजल्यांचे राजगोपुर आहे. गोपुराच्या अठराव्या मजल्यापर्यंत लिफ्टने जाता येते. मूर्तीच्या सगळ्यात चांगल्या दर्शनासाठी हीच जागा निवडावी, आणि तीही ऊन चढण्यापूर्वी.

मुरुडेश्वरहून गोकर्णाला जाताना, वेळ जुळत असेल तर, दिवसाउजेडी धावणारी गाडी घ्यावी. होन्नावरला शरावती नदीवरचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा पूल लागतो, जो कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब पूल आहे. गाडी त्यावरून जाताना एका बाजूला खाडीचे मुख आणि दुसऱ्या बाजूला माडांची बेटे दिसतात.

गोकर्णाला मुक्काम हवाच. रावणाने कैलासाहून आणलेले आत्मलिंग गणपतीने इथे जमिनीवर ठेवले आणि ते कायमचे रुजले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. म्हणून आधी महागणपतीचे दर्शन घेऊन मग महाबळेश्वराकडे जावे. भाविकाला इथे आत्मलिंगाला स्वतः हात लावता येतो. पीठाच्या मध्यभागी असलेल्या छिद्रात बोटे घातली की पाण्याखाली आत्मलिंगाचा माथा हाताला लागतो. नजरेला काहीच दिसत नाही, फक्त बोटांच्या टोकांना तो ओला, थंड दगड कळतो. गर्दी कमी असताना, सकाळी लवकर गेल्यास हा स्पर्श निवांतपणे करता येतो. महाशिवरात्रीच्या आसपास रथोत्सव असल्याने अशी निवांतता मिळण्याची आशा धरू नये. संध्याकाळी ओम किंवा कुडले किनाऱ्यावर जाण्यास हरकत नाही, पण आपण समुद्राकाठी वाढलो म्हणून अनोळखी समुद्रात उतरू नये. तिथल्या खडकांवर शेवाळ असते आणि पाण्याची ओढ त्या त्या गावातल्या माणसालाच ठाऊक असते.

भाषेची चिंता कोकणातल्या माणसाने करण्याचे कारण नाही. कारवारात मराठी समजते आणि मंगळुरूपर्यंत बाजारात, हॉटेलांत कोकणी बोलणारी माणसे भेटत राहतात. मालवणी सावकाश बोलली तरी त्यांना कळते. तरी जेवणाला ऊटा, पाण्याला नीरु आणि किती हे विचारायला एष्टु, एवढे कन्नड शब्द पाठ असावेत. केरळात गेल्यावर पाण्याला वेळ्ळम् आणि किती याला एत्र म्हणावे. जेवणही परके वाटत नाही. तिथला नीर डोसा म्हणजे आपल्या घावण्याचा सख्खा भाऊ आहे, आणि उकड्या तांदळाचा भात ज्याच्या पोटाला ठाऊक आहे त्याचे कुठेच अडत नाही. यात्रा पुरी होईपर्यंत मासे वर्ज्य ठेवणाऱ्यांनी माशांसाठी शेवटचा दिवस राखावा.

दुसऱ्या खेपेला, हाताशी किमान आठ दिवस असतील तेव्हा, केरळ आणि कन्याकुमारी करावी. नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट तिरुवनंतपुरमपर्यंत जाते. जाताना त्रिशूरला उतरून गुरुवायूर करावे, जिथे पहाटे तीन वाजता निर्माल्यदर्शनासाठी दार उघडते. पद्मनाभस्वामी मंदिरात शेषशायी विष्णूची मूर्ती इतकी लांब आहे की ती तीन दारांतून पाहावी लागते: एकातून मुख, मधल्यातून नाभी, तिसऱ्यातून चरण. सकाळच्या वेळातही पूजेसाठी दर्शन मधूनमधून थांबते, म्हणून शक्य तितक्या लवकर रांगेत उभे राहावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा यात्राकाळ असतो आणि केरळच्या गाड्या अय्यप्पाच्या भक्तांनी भरलेल्या असतात. फेब्रुवारीचा महिना मला सर्वांत योग्य वाटतो.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणारी बोट सकाळी पहिल्या फेऱ्यांत घ्यावी, कारण समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. १९७० साली उभे राहिलेले हे स्मारक ज्यांच्या चिकाटीने झाले ते एकनाथजी रानडे विदर्भातले होते. हे सोबतच्या मुलांना तिथे, त्या शिळेवरच उभे राहून सांगावे. शेजारच्या बेटावर तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फूट उंचीचा पुतळा आहे आणि दोन्ही शिळा आता काचेच्या पुलाने जोडल्या आहेत.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि सुटण्याच्या वेळा काही तासांनी पुढेमागे होतात. जून ते ऑक्टोबर या काळातील तिकिटावरची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावी. गणपतीच्या आधी आणि नंतर पंधरवडाभर तर या मार्गावर उभे राहायलाही जागा नसते, आणि त्या दिवसांत आपल्या घरातच देव आलेला असतो.

दुसऱ्या खेपेला मी आईला घेऊन तिरुवनंतपुरमला आदल्या संध्याकाळीच पोहोचलो होतो. राहण्याची जागा देवळापासून चालत दहा मिनिटांवर घेतली होती. पहाटे साडेतीनला ती आंघोळ करून, साडी नेसून खोलीच्या दाराशी उभी होती, आणि हातात तीच कापडी पिशवी होती.