छोट्या फोर बाय फोरचा नाद आणि त्याच त्या चुका

पावसाळ्यात मला दोन-चार फोन ठरलेले. गाडी नवी, मालक नवा, आणि गाडी गगनबावड्याच्या बाजूला नाहीतर पन्हाळ्याच्या मागं कुठल्यातरी पाणंदीत रुतलेली. पुढचं वाक्यही ठरलेलं: "दादा, फोर बाय फोर हाय की, चारी चाकं वडत्यात! मग रुतली कशी?"

रुतली कारण गाडी चांगली होती आणि तुम्ही ती बिघडवली. नाहीतर वापरायलाच शिकला नाहीत.

१९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली तेव्हा इंजिन होतं ९७० सीसीचं. १९९६ ला १३०० सीसीची किंग आली. आजच्या मानानं ही ताकद काहीच नाही. तरी राधानगरीच्या चिखलात ती चढायची, कारण वजन जेमतेम टनभर, अंग अरुंद, खाली शिडीसारखी चासी म्हणजे सांगाडा, पुढं-मागं सलग एक्सल आणि हातात फोर बाय फोर टाकायचा एक जास्तीचा दांडा. बास. बिघडलं तर कोल्हापुरात उद्यमनगरातला कुठलाही जुना मिस्त्री डोळे झाकून खोलेल. २०२३ ला आलेली मारुतीचीच जिम्नी आतून बरीच सुधारली, स्प्रिंगचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, पण वजन अजून १२०० किलोच्या आसपासच आहे. या गाडीची सगळी मजा हलकेपणात आहे, आणि लोक पहिल्या महिन्यात नेमका त्याच्यावरच घाव घालतात.

तो विषय नंतर. आधी माझ्या डोक्यात जाणारी चूक.

डांबरावर फोर-एच

डिसेंबरातली गोष्ट. मित्राच्या भाच्यानं जिम्नी घेतली. उसाला पाणी पाजलेलं, पाणंद ओली, म्हणून पठ्ठ्यानं फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकला आणि ऐटीत बाहेर आला. इथवर बरोबर. मग दांडा टू-एचला, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर, आणायचं विसरला आणि तसाच कोरड्या डांबरावरून पन्हाळ्याला गेला. घाटातल्या वळणांवर स्टेअरिंग जड लागलं, ते त्याला 'दणकट गाडीचं लक्षण' वाटलं. वर पार्किंगमध्ये फुल स्टेअरिंग मारलं तशी गाडी अडखळत उड्या मारायला लागली. खालून कडकड आवाज.

फोन आला. "दादा, दांडा निघंना झालाय! दोन्ही हातांनी वडतोय." एका मिस्त्रीनं त्याला तोवर फोनवरच सांगून टाकलं होतं की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, उतरावी लागणार.

काही उतरावं लागत नाही. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेरा पडतो. या गाड्यांत फोर-एच टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मध्ये वेगातला फरक सांभाळून घेणारं डिफरन्शियल नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठत जातो. दांडा त्या पिळात अडकलेला असतो.

मी त्याला म्हटलं, "वढू नको. स्टेअरिंग सरळ कर, रिव्हर्स टाक आणि हळू हळू पाच-सहा मीटर मागं घे. आता पाय काढ आणि दांडा हलव." फोनवर मला टक् असा आवाज आला. नंतर त्याचं हसणं.

तेव्हापासून मी त्याला एक सवय लावलीय. डांबर लागलं की आधी दांडा, मग गाणी. ज्यांना डॅशवरचा फोर बाय फोरचा दिवा दिसत नाही त्यांनी निदान स्टेअरिंगचं ऐकावं.

गाडीला दागिने घालणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून बोलायचा हक्क आहे. माझ्या जिप्सीला मी लोखंडी बंपर लावला, टपावर कॅरिअर, त्यावर दोन डबे, आणि दोन नंबर मोठे टायर. फोटो झकास आले. मोठ्या टायरनं गिअर आपोआप लांब पडले, साध्या चढाला दुसरा मरायला लागला. पुढचे पाटे बसले. जुलैत गगनबावड्याकडच्या एका भातखाचराच्या बांधाजवळ गाडी पोटावर टेकली. मी फावडं मारत असताना शेजारून एक दूधवाला जुन्या साध्या जिप्सीत, मागं कॅन खडखडवत, झोपाळ्यासारखा डुलत निघून गेला. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं.

बंपर आता गोठ्याच्या दाराला आडवा लावलाय. नव्या माणसाला माझं सांगणं एकच: पहिलं वर्ष काही लावू नका. चिखलात चालणारे चांगले टायर घ्या, तेही कंपनीच्याच मापाचे. विंचचं, म्हणजे रुतलेली गाडी ओढायच्या दोराच्या मशीनचं, कोटेशन मागवणाऱ्यांना मी आधी विचारतो, हवा भरायचा पंप आहे का? शंभरात नव्वद जणांकडं नसतो.

बाकीच्या, पटापट

रुतल्यावर फोर बाय फोर टाकणं. चिखल दिसला की टाका, आत गेल्यावर नाही.

रुतल्यावर रेस मारत बसणं. चाक स्वतःची विहीर खणतं. पाय काढा, खाली उतरा, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत सोडा, आलेल्या वाटेनंच मागं या. परत डांबरावर आल्यावर हवा भरा, नाहीतर घाटात टायर रिममधून निसटायचा.

फोर-एल, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा गिअर, टाकायला लाज वाटणं. थांबून टाका आणि जांभ्याच्या उतारावर पहिल्या गिअरमध्ये ब्रेक सोडून द्या, इंजिन धरतं.

जिप्सीला फ्री व्हील हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडायच्या-सोडायच्या चकत्या, असतील तर ते लॉक न करताच दांडा ओढणं. पुढच्या चाकांना ताकद पोचणारच नाही, आणि तुम्ही गाडीला शिव्या द्याल.

एकट्यानं जाणं. बंपरला दोर बांधून ओढणं. हूक कशाला दिलाय? सड्यावर, पठारावर फुलं असताना गाडी घालणं, याला मी चूक म्हणत नाही, वेगळा शब्द वापरतो.

आणि घरी आल्यावर खालून न धुणं. तांबडी माती चासीच्या खाचेत वाळली की ओल धरून बसते, पत्रा खाते. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरचा पाइप घेऊन गाडीखाली शिरतो. परवा मागच्या मडगार्डमधून वीतभर उसाचं कांडं निघालं, त्याला कोंब फुटलेला.